काझुओ कोइके : चित्र न काढता मंगा घडवणारा माणूस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारी आपली मुलं बहुतेक वेळा चित्रकारांचीच नावं घेतात. त्यामुळे ‘काझुओ कोइके’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि त्याच्या मागून आणखी दहा येतात. ओळखीच्या लोकांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे काझुओ कोइके कोण?

जपानमधले मंगालेखक. जन्म ८ मे १९३६, आकिता प्रांतात. मृत्यू १७ एप्रिल २०१९, वयाच्या ८२ व्या वर्षी, न्यूमोनियाने. ‘लोन वुल्फ अँड कब’ (मूळ नाव ‘कोझुरे ओकामी’, म्हणजे पिल्लू घेऊन फिरणारा लांडगा) ही त्यांची सगळ्यांत गाजलेली मालिका. ‘लेडी स्नोब्लड’, ‘क्राइंग फ्रीमन’, ‘सामुराई एक्झिक्यूशनर’ या मालिकाही त्यांच्याच. कोइके हे टोपणनाव. खरं आडनाव तावाराया. जुन्या पुस्तकांवर त्यांच्या नावातलं ‘ओ’ हे अक्षर वेगळ्या चित्रलिपीत दिसतं, पुढे त्यांनी ते बदललं. उच्चार तोच राहिला, त्यामुळे देवनागरीत लिहिताना आपल्याला फरक पडत नाही.

मंगाचा लेखक म्हणजे? चित्रकारच गोष्ट लिहीत नाही का?

पुष्कळदा तोच लिहितो. पण जपानमध्ये ‘गेन्साकुशा’ नावाचा वेगळा पेशा आहे. गेन्साकुशा कथा, प्रसंग आणि संवाद लिहून देतो. चित्रकार त्यावरून पानं रचतो. आपल्याकडे सिनेमात कथा-पटकथा-संवाद एकाचे आणि दिग्दर्शन दुसऱ्याचं असतं, साधारण तसं. साप्ताहिकाला दर आठवड्याला वीस-पंचवीस किंवा जास्त पानं द्यायची असतात, तेव्हा ही वाटणी सोयीचीही पडते.

या पेशाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुख्यतः दोघांनी. एक इक्की काजिवारा, ‘आशिता नो जो’ ही मुष्टियुद्धाची मालिका लिहिणारे. दुसरे कोइके. दोघांचाही जन्म १९३६ चा. काजिवारा १९८७ मध्येच गेले. कोइके त्यांच्यानंतर तीस वर्षांहून जास्त जगले आणि त्या तीस वर्षांत त्यांनी लिहिण्याइतकंच शिकवलं.

सुरुवात कशी झाली?

तोक्योच्या चुओ विद्यापीठात त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं. मग ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या किइचिरो यामाते यांच्या हाताखाली लेखन शिकले. पुढच्या कामात दिसणाऱ्या सामुराई जगाची पायाभरणी इथली.

खरी तालीम झाली ती ताकाओ साइतो यांच्या स्टुडिओत. साइतोंनी मंगाचा जवळजवळ कारखानाच उभा केला होता: कथा लिहिणारे वेगळे, पार्श्वभूमी रेखाटणारे वेगळे, बंदुका-मोटारी काढणारे वेगळे. १९६८ मध्ये तिथून ‘गोल्गो १३’ ही भाडोत्री मारेकऱ्याची मालिका सुरू झाली आणि तिच्या सुरुवातीच्या काळात कोइके तिथे लिहीत होते. फारसा न बोलणारा, ठरलेले पैसे घेऊन ठरलेलं काम करणारा मारेकरी. दोन वर्षांनी कोइकेंनी स्वतःचा नायक आणला तेव्हा त्याचंही वर्णन हेच होतं, फरक इतकाच की त्याच्यासोबत बाबागाडी होती. त्या एका बाबागाडीने सगळा खेळ बदलला, असं मला वाटतं.

‘लोन वुल्फ अँड कब’ची गोष्ट काय आहे?

काळ एदोचा, म्हणजे शोगुन या लष्करी सत्ताधीशांच्या राजवटीचा. ओगामी इत्तो हा शोगुनचा ‘काइशाकुनिन’, म्हणजे सेप्पुकू (पोट चिरून विधिपूर्वक आत्महत्या) करणाऱ्या सरदाराचा शेवटचा वार करून शिरच्छेद करणारा अधिकारी. यागयू घराण्याला हे पद हवं असतं. ते कट रचतात. इत्तोची बायको मारली जाते, त्याच्यावर राजद्रोहाचा आळ येतो. तो तान्ह्या मुलाला, दाइगोरोला, लाकडी गाड्यात बसवून निघतो आणि दर कामाला ५०० ऱ्यो (सोन्याची नाणी) घेऊन माणसं मारतो. बाबागाडीत शस्त्रं लपवलेली. मागे यागयू, पुढे रस्ता.

एक प्रसंग जवळून बघू. इत्तो जमिनीवर दोन वस्तू ठेवतो: एक चेंडू, एक तलवार. मूल अजून रांगतंय. बाप त्याला सांगतो, चेंडूकडे गेलास तर तुला तुझ्या आईकडे पाठवीन. तलवारीकडे आलास तर माझ्याबरोबर नरकाच्या वाटेवर चालशील. मुलाला शब्द कळत नाहीत हे बापालाही ठाऊक आहे. आणि मग मालिकेचे चित्रकार गोसेकी कोजिमा यांची चित्रं बोलू लागतात. मूल चेंडूकडे बघतं, तलवारीकडे बघतं, पुढे सरकतं. वाचणाऱ्याचा हात पान उलटताना थांबतो. शेवटी इवलासा हात तलवारीवर पडतो आणि बाप त्याला उचलून छातीशी धरतो.

आता गंमत बघा. हा प्रसंग मालिकेच्या सुरुवातीला नाही. तो पहिल्या खंडाच्या शेवटी, नवव्या कथेत येतो. आधीच्या आठ कथांत इत्तो फक्त येतो, काम करतो, निघून जातो. हा कोण, मूल का घेऊन फिरतो, काही सांगितलेलं नाही. दुसरा लेखक असता तर आधी बायकोचा खून दाखवून मग सूड सुरू केला असता. कोइके आधी माणूस उभा करतात, कारण नंतर देतात. तोवर आपण त्याच्यात इतके गुंतलेलो असतो की कारण कळल्यावर गलबलून येतं.

आणखी एक बारकावा अनुवादात हरवतो. दाइगोरो बापाला ‘चान’ म्हणतो. सामुराईच्या मुलाने भारदस्त शब्द वापरायला हवा. ‘चान’ ही त्या काळच्या सामान्य लोकांची हाक. म्हणजे वाड्यातल्या मुलाने ‘आबासाहेब’ म्हणायचं सोडून ‘बा’ म्हणावं तसं. घराणं, पद, मान सगळं गेलं आहे हे त्या एका अक्षरात येतं.

हे सगळं कोइकेंचं, मग चित्रकाराचं श्रेय किती?

निम्मं तरी नक्कीच, काही पानांवर त्याहून जास्त. गोसेकी कोजिमा (१९२८-२०००) तरुणपणी सिनेमाची पोस्टरं रंगवत. मग ‘कामिशिबाइ’साठी चित्रं काढली. कामिशिबाइ म्हणजे रस्त्यावर मुलं जमवून चित्रफळ्या एकामागून एक सरकवत गोष्ट सांगण्याचा खेळ. (पिंगुळीची चित्रकथी पाहिलेल्यांना वेगळं समजवायला नको, जरी दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही.) त्यानंतर ते भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. त्यांच्या कुंचल्यात पाऊस, गवत आणि वारा असा काही येतो की पाच-सहा पानं एकही शब्द नसला तरी चालतं. लेखक म्हणून कोइकेंचा मोठेपणा यातही आहे: कुठे गप्प बसायचं ते त्यांना कळत होतं. निदान कोजिमांबरोबर तरी.

मालिका सप्टेंबर १९७० ते एप्रिल १९७६ चालली. १४२ कथा, २८ खंड. तिच्याच बरोबरीने ही जोडी ‘सामुराई एक्झिक्यूशनर’ही करत होती. दोघांचं वेळापत्रक काय असेल याची कल्पना करवत नाही.

यातला इतिहास खरा आहे का?

वातावरण खरं, मधली खुंटी बनावट. शोगुनचा अधिकृत काइशाकुनिन असं पद अस्तित्वात नव्हतं; ते कोइकेंनी रचलं. यागयू हे तलवारबाजीचं खरंखुरं घराणं. खलनायक रेत्सुदो या नावाचा माणूसही त्या घराण्यात होऊन गेला, पण तो मठात राहणारा भिक्षू. ‘सामुराई एक्झिक्यूशनर’मधलं यामादा आसाएमोन हे नाव मात्र खरं आहे: एदोत, म्हणजे तेव्हाच्या तोक्योत, पिढ्यान्‌पिढ्या तलवारींची धार तपासणारं आणि गुन्हेगारांचा शिरच्छेद करणारं ते घराणं.

करसंकलन, पोशाख, पदांची उतरंड, अंत्यविधी हे तपशील इतके दाटून येतात की मधलं खोटं पद आपण निमूट गिळतो. ऐतिहासिक कादंबरीची ही जुनी युक्ती आपल्याला अनोळखी नाही.

शिनचॅनशी यांचा काही संबंध आहे म्हणतात, खरं का?

आहे, पण पत्त्यापुरता. ‘लोन वुल्फ अँड कब’ ज्या ‘वीकली मंगा अ‍ॅक्शन’ नियतकालिकात आली, त्याच नियतकालिकात १९९० मध्ये ‘क्रेयॉन शिनचॅन’ सुरू झालं. आपल्याकडे जेवणाच्या ताटासमोर लागणारं कार्टून मूळचं मोठ्यांच्या साप्ताहिकातलं, हे सांगितलं की आयांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्याच नियतकालिकात १९६७ पासून चित्रकार मंकी पंच यांचा ‘ल्युपिन तिसरा’ येत होता. मंकी पंच आणि कोइके सहा दिवसांच्या अंतराने गेले, ११ आणि १७ एप्रिल २०१९.

सिनेमे किती निघाले?

‘लोन वुल्फ’वर १९७२ ते १९७४ दरम्यान सहा. त्यांतले चार एकट्या १९७२ मधले! तोमिसाबुरो वाकायामा इत्तो झाले. बहुतेक पटकथा कोइकेंच्याच. १९७३ पासून दूरदर्शन मालिकाही आली. त्याआधी १९७१ मध्ये युकिओ हाशी यांनी गायलेलं गाणं गाजलं, त्याचे शब्दही कोइकेंचे. त्यातला पावसाच्या थेंबांचा ‘शितो शितो’ आवाज जपानमधल्या त्या पिढीच्या कानात बसला आहे.

१९८० मध्ये अमेरिकेत एक उद्योग झाला. पहिल्या सिनेमाचा थोडा भाग आणि दुसऱ्याचा बराचसा भाग जोडून, मुलाच्या आवाजात निवेदन घालून ‘शोगन असॅसिन’ नावाचा एकच सिनेमा तयार केला. मूळ गोष्टीची मोडतोड झाली खरी, पण हा तुकडा भलताच दूर गेला. न्यूयॉर्कचा रॅपर जिझा याने १९९५ च्या ‘लिक्विड स्वोर्ड्‌स’ या अल्बममध्ये त्यातले संवाद वापरले.

‘किल बिल’ कोइकेंच्या गोष्टीवर आहे का?

क्वेंटिन टॅरँटिनोचा हा हॉलिवूड सिनेमा अधिकृत रूपांतर नाही, पण ऋण उघड आहे. कोइकेंची ‘लेडी स्नोब्लड’ १९७२-७३ मध्ये आली, चित्रं काझुओ कामिमुरा यांची. मेइजी काळ, म्हणजे शोगुनची सत्ता जाऊन सम्राटाची आली तो एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. तुरुंगात असलेली एक बाई सूड घेण्यासाठीच मुलीला जन्म देते; ती मुलगी, युकी, छत्रीत तलवार लपवून आईचे शत्रू शोधत फिरते. १९७३ मध्ये तिच्यावर तोशिया फुजिता यांनी सिनेमा काढला, नायिका मेइको काजी. ‘किल बिल’च्या पहिल्या भागातली बर्फातली लढाई, प्रकरणं पाडून सांगितलेली गोष्ट, आणि लढाई संपल्यावर वाजणारं मेइको काजींचं गाणं हे सगळं तिकडून आलं. त्या गाण्याचे शब्द कोइकेंनी लिहिलेले. म्हणजे टॅरँटिनोच्या सिनेमात कोइके अक्षरशः ऐकू येतात. ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात नायिका आणि तिची मुलगी झोपण्यापूर्वी जो सिनेमा बघतात तो ‘शोगन असॅसिन’.

अमेरिकन कॉमिक्सवर प्रभाव पडला म्हणजे काय झालं?

अमेरिकन कॉमिक्सचे लेखक-चित्रकार फ्रँक मिलर यांनी ‘लोन वुल्फ’ची पानं इंग्रजी अनुवाद निघण्याआधीच पाहिली होती. १९८३-८४ मधल्या त्यांच्या ‘रोनिन’मध्ये ते स्वच्छ दिसतं. १९८७ मध्ये फर्स्ट कॉमिक्सने इंग्रजी आवृत्ती काढली तेव्हा सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं मिलर यांनीच केली. त्यांचं नाव बघून अंक उचलणारे बरेच होते. ती आवृत्ती मध्येच बंद पडली. पूर्ण २८ खंड डार्क हॉर्सने २००० पासून काढले, तळहातात मावतील एवढ्या आकारात. २००४ मध्ये कोइके आणि कोजिमा दोघांनाही अमेरिकन कॉमिक्सच्या आयझनर पुरस्कारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं. कोजिमा तोवर गेले होते.

मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्स यांच्या ‘रोड टू पर्डिशन’ या चित्रकादंबरीत १९३० च्या दशकातला गुंड बाप मुलाला घेऊन पळतो, तो इत्तोचाच अमेरिकन भाऊ, आणि लेखकाने ते मान्यही केलं आहे. टॉम हँक्सचा सिनेमा त्यावरून निघाला. स्टॅन साकाई यांच्या ‘उसागी योजिम्बो’त बकरा बाप आणि करडू फिरताना दिसतं, ती प्रेमाने केलेली थट्टा. २०१९ ची ‘द मँडलोरियन’ ही मालिका तर सगळ्यांनी पाहिली आहे: चिलखतातला अबोल, बक्षिसासाठी माणसं पकडणारा नायक, शेजारी तरंगता पाळणा.

एवढ्या लोकांना हे का घ्यावंसं वाटलं? मला वाटतं, रचना फार सोपी आणि फार घट्ट आहे. रस्ता, बाप, मूल, धोका. त्यात कुठलाही देश बसवता येतो. पण नक्कल करणारे बहुतेक जण मुलाला गोंडस करतात. दाइगोरो गोंडस नाही. त्याचे डोळे मेलेल्या माणसासारखे आहेत असं गोष्टीतलीच माणसं म्हणतात, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो.

त्यांनी शाळा काढली होती म्हणतात, ती कसली?

१९७७ मध्ये ‘गेकिगा सोनजुकु’. ‘गेकिगा’ म्हणजे मोठ्या वाचकांसाठीची गंभीर, नाट्यमय चित्रकथा. ‘सोनजुकु’ म्हणजे गावातली खासगी शाळा. जपानी माणसाला या शब्दावरून योशिदा शोइन यांची शाळा आठवते, जिच्यातून मेइजी क्रांतीचे पुढारी निघाले. नाव ठेवताना संकोच केलेला नाही.

पण निकाल बघा. पहिल्याच तुकडीत रुमिको ताकाहाशी होत्या, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या. १९७८ मध्ये त्यांचं पदार्पण झालं आणि पुढे ‘उरुसेइ यात्सुरा’, ‘रान्मा’, ‘इनुयाशा’. ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’चे चित्रकार तेत्सुओ हारा इथलेच. ‘बाकी’ या मालिकेचे केइसुके इतागाकी इथलेच. आणि युजी होरिई, ज्यांनी १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम केला, तेही इथलेच. एकाचंही काम कोइकेंसारखं दिसत नाही. ताकाहाशींच्या हलक्याफुलक्या गोंधळात आणि इत्तोच्या रक्तात शोधूनही साम्य सापडत नाही. मला हीच त्या शाळेची खरी पावती वाटते. गुरूच्या हातचं वळण शिष्यांत दिसलं असतं तर ती घराण्याची गायकी झाली असती.

मग ते शिकवत तरी काय?

एकच गोष्ट, आयुष्यभर: कथानक नंतर, पात्र आधी. पात्र जमलं तर गोष्ट आपोआप चालते.

जपानीत यासाठी ‘क्यारा गा तात्सु’ असं म्हणतात. शब्दशः, पात्र उभं राहतं. इंग्रजीत हे समजवायला चार वाक्यं लागतात. आपल्याला एकही नको, कारण नाटक बघून आल्यावर आपण हेच बोलतो: ‘पात्र काय उभं केलंय!’ किंवा ‘भूमिका उभीच राहिली नाही.’ दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच क्रियापद निवडलं.

कोइकेंच्या लेखी पात्राला वेड हवं आणि उणीव हवी. नायकाची दुखरी जागा कुठली ते लेखकाला ठाऊक असलं पाहिजे. शिवाय नायकाच्या तोडीचा विरोधक हवा. रेत्सुदोकडे बघा: म्हातारा, क्रूर, आणि एकामागून एक स्वतःची मुलं या वैरात गमावत गेलेला. शेवटच्या खंडांत वाचकाला कोणाची बाजू घ्यावी ते कळेनासं होतं.

ओसाका कला विद्यापीठात पुढे ते पात्रनिर्मितीच शिकवत. तिथे तो स्वतंत्र विभाग आहे.

सगळंच चांगलं होतं का? टीका नाही झाली?

टीकेला भरपूर जागा आहे. कोइकेंच्या लेखनात बायका फार वेळा केवळ भोगायच्या किंवा मारायच्या वस्तू म्हणून येतात. बलात्काराचा वापर कथेला धक्का देण्यासाठी सर्रास होतो. ऱ्योइची इकेगामी यांच्याबरोबर केलेल्या ‘वुंडेड मॅन’मध्ये तर हे इतकं आहे की मी तिसऱ्या खंडापुढे गेलो नाही. ‘त्या काळी असंच असायचं’ हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण त्याच माणसाने ‘लेडी स्नोब्लड’ लिहिली आहे. तिथेही उघडी अंगं आहेत, पण गोष्ट युकीची आहे.

दुसरं म्हणजे उत्तरार्धातलं लेखन सैल आहे. ‘क्राइंग फ्रीमन’ (१९८६-८८) सुरुवातीला जबरदस्त: खून केल्यावर रडणारा मारेकरी, ही कल्पनाच पुरेशी होती. मग कथानक वाट्टेल तिकडे जातं. इकेगामींची देखणी चित्रं नसती तर हसू आलं असतं. ‘पात्र उभं राहिलं की झालं’ या तत्त्वाची ही दुसरी बाजू. पात्र उभं राहतं, पण बिचाऱ्याला जायला जागा नसते.

२००३ पासून त्यांनी हिदेकी मोरी यांच्या चित्रांसह दाइगोरोची पुढची गोष्ट लिहिली. वाचली नाही तरी चालेल.

शेवटच्या काळात काय करत होते?

शिकवत होते, आणि ट्विटरवर होते. ऐंशीच्या घरातला हा माणूस तिथे रोज लिहायचा: म्हातारपण, एकटेपणा, नवं अ‍ॅनिमे, माणसांशी कसं वागावं. ज्यांनी इत्तोचं नावही ऐकलं नव्हतं अशी तरुण मुलं त्यांना वाचत. त्याआधी गोल्फचं वेडही झालं. १९८७ मध्ये गोल्फचं नियतकालिकच काढलं. अर्थात गोल्फवर मंगाही लिहिला.

मुलांना वाचायला द्यावं का?

नाही. मुखपृष्ठावर बाळ आहे म्हणून फसू नका. सोळा-सतरा वर्षांपुढच्यांनी वाचावं, तेही घरात कोणीतरी आधी चाळून.

कुठून सुरुवात करू?

‘लोन वुल्फ’चा पहिला खंड, नवव्या कथेपर्यंत थांबायचं नाही. खंड सुटे मिळतात आणि १२ जाडजूड एकत्रित खंडांतही. डोळे चाळिशीपुढचे असतील तर दुसरी आवृत्ती घ्या, पहिलीतली अक्षरं मुंगीएवढी आहेत. इंग्रजीत पानं आरशातल्यासारखी उलटवलेली आहेत, म्हणून डावीकडून उजवीकडे वाचता येतात. त्यापायी सगळे सामुराई डावखुरे झालेत, तिकडे लक्ष देऊ नका. जपानी शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत आणि मागे शब्दार्थ दिलेत. त्या पानात एक बोट अडकवून वाचायची सवय होते.

सगळे २८ लगेच विकत घेऊ नका. मी जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून अर्धा संच उत्साहाने उचलला आणि घरी येऊन बघतो तर सातवा खंड दोनदा, आठवा नाही. आठव्याशिवाय नववा वाचला. फारसं अडलं नाही, कारण मधल्या बऱ्याच कथा सुट्या आहेत. शेवटचे काही खंड मात्र ओळीनेच वाचायचे, आणि अठ्ठाविसावा रात्री उशिरा सुरू करायचा नाही. त्यात लढाई संपता संपत नाही, आणि मग ते पोरगं भाला उचलून धावत सुटतं.